व्हाळावर चालणारे किडे: पार्श्वभूमी

पाऊस ओसरला की कोकणातल्या व्हाळांच्या (लहान ओढ्यांच्या) संथ कोंडींवर लांब पायांचे किडे सरसर सरकू लागतात. ऊन असेल तर तळावरच्या सावल्या बघाव्यात. अंगाची सावली बारीक रेघेएवढी, पण प्रत्येक पायाखाली टपोरा काळा ठिपका. पाय टेकतो तिथे पाणी फाटत नाही, खळगा पडतो; खळग्यावर आलेला प्रकाश बाजूला वळतो आणि ठिपका उमटतो. किड्याचा भार पेलतो तो हा दबलेला, ताणलेला पृष्ठभाग.

पृष्ठभागाच्या या ताणाची, म्हणजे पृष्ठताणाची, कल्पना १७५१ मध्ये योहान सेग्नर यांनी मांडली आणि १८०५ मध्ये टॉमस यंग यांनी तिला भक्कम बैठक दिली. मला मात्र या इतिहासात सर्वांत मोठी वाटते ती आग्नेस पोकेल्स. त्या काळी जर्मनीत मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. तिने घरच्या स्वयंपाकघरात पाण्याचं उथळ भांडं आणि धातूची पट्टी घेऊन तेलकटपणाने पृष्ठताण किती घटतो ते मोजलं. तिचं पत्र ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या शिफारशीने १८९१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. व्हाळात साबणाचं पाणी गेलं की किड्यांवर काय बेततं, ते तिच्या मोजमापांतून समजतं: ताण घटतो, पाय भिजतो, किडा बुडतो.

पाय एरवी कोरडा का राहतो, हे २००४ मध्ये चिनी संशोधकांनी उलगडलं. पायावर अतिसूक्ष्म केस आणि केसांवर त्याहून बारीक खाचा असतात; त्यांत हवा अडकून राहते. एकच पाय किड्याच्या वजनाच्या सुमारे १५ पट भार पेलू शकतो.

पुढे सरकण्याचं कोडं वेगळंच होतं. किडा लाटा मागे ढकलून पुढे जातो, असं मानलं जाई. पण पिल्लांचे पाय लाट उठण्याइतक्या वेगाने हलतच नाहीत, तरी ती चालतात. २००३ मध्ये अमेरिकेत डेव्हिड हू, ब्रायन चॅन आणि जॉन बुश यांनी रंगीत पाण्यात चित्रण केलं, तेव्हा मधल्या पायांच्या वल्ह्यांमागे पृष्ठभागाखाली भोवरे दिसले. जोर त्या भोवऱ्यांतून मिळतो.

याच कुळातले हॅलोबेटिस नावाचे किडे समुद्रावर राहतात. त्यांच्या बहुतेक जाती किनाऱ्यालगत, कांदळवनांच्या आसपास असतात. पाच जाती मात्र जन्मभर भर समुद्रात काढतात. त्यांना पंख नसतात. अंडी ते तरंगत्या पिसांवर, लाकडांवर घालतात, आणि आता प्लॅस्टिकच्या तुकड्यांवरही.