व्हायोलेटचं फूल आणि व्हायोलेटचं पान

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावरून उतरलेल्या माणसाला पानालाही वास असतो हे सांगावं लागत नाही. अंगावर गुलाल आणि पिशवीत दवणा घेऊन तो घरी येतो आणि पुढचे दोन दिवस दवण्याचा वास घर सोडत नाही. गजऱ्यातही अबोलीसोबत मरवा गुंफतात, कारण अबोलीला रंग आहे, वास नाही. फुलाचा वास एक आणि पानाचा दुसरा, हे महाद्वार रोडवर गजरे विकणाऱ्या मावशींना पाठ असतं.

परफ्यूम घेताना मात्र आपण हे विसरतो. वर्णनात ‘व्हायोलेट’ दिसलं की पुरुष गिऱ्हाईक मागे सरतं. "हे लेडीजचं आहे," एवढं बोलून बाटली परत जागेवर. माझ्या ओळखीतल्या तिघांनी ‘ग्रे फ्लॅनेल’ हे पुरुषांसाठीचं परफ्यूम याच कारणाने न हुंगता ठेवून दिलं. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण पुरुषांसाठीच्या हिरवट, फुलांच्या सुगंधांत इतका भारदस्त दुसरा मला सापडलेला नाही. त्यांच्या मनात होतं व्हायोलेटचं फूल. बाटलीत सगळ्यात पुढे उभं असतं ते व्हायोलेटचं पान.

आधी फुलाबद्दल. व्हायोलेट आपण दारात लावत नाही. आपली ओळख असलीच तर बनफ्शा या नावाने, काष्ठौषधींच्या दुकानातली, खोकल्याच्या काढ्यापुरती. वाळलेल्या बनफ्शावरून ताज्या फुलाचा अंदाज बांधू नये. ताजं फूल गोड असतं, पावडरीसारखं मऊ, थोडं रासबेरीच्या अंगाने जाणारं. जुन्या फेस पावडरच्या डब्याचं झाकण उघडल्यावर जे येतं, ते याच घराण्यातलं. या फुलांचा अर्क काढणं इतकं महाग की आजच्या परफ्यूममध्ये खरं फूल जवळपास नसतंच. १८९३ साली जर्मनीत फर्डिनांड टीमान आणि पाउल क्र्यूगर हे आयरिस या फुलझाडाच्या मुळांच्या वासामागे लागले होते. त्यातून त्यांच्या हाती आयोनोन हा सुगंधी रेणू आला आणि व्हायोलेटच्या फुलाचा वास प्रयोगशाळेत तयार होऊ लागला. तो ज्या सिट्रल नावाच्या लिंबाच्या वासाच्या द्रव्यापासून केला ते गवती चहाच्या तेलात भरपूर असतं. परड्यातली जी पात तोडून आपण पावसाळ्यात चहात टाकतो, तिच्या तेलापासून व्हायोलेटचं फूल उभं राहतं! मला ही गोष्ट कळली त्या दिवशी मी चहाचं पातेलं उतरवून त्यावर कितीतरी वेळ नाक धरून उभा होतो.

आयोनोनची एक खोड माहीत असलेली बरी. तो नाकाला लवकर थकवतो. वास येतो, नाहीसा होतो, थोड्या वेळाने पुन्हा येतो. परफ्यूम उडून गेलं असं समजून माणूस परत फवारतो आणि शेजारच्याचं डोकं चढतं. बीटा-आयोनोनचा वास तर काहींना जन्मतःच नीट येत नाही, कारण नाकात तो वास टिपणाऱ्या घटकाचं जनुकच वेगळं असतं. एकाच मनगटावर नाक ठेवून दोन भाऊ दोन वेगळी मतं देतात, तेव्हा दोघंही खरं बोलत असू शकतात.

पानाला यातलं काहीच नाही. ना गोडवा, ना पावडर. ओला, कच्चा, थंडगार वास, किंचित धातूचा. दक्षिण फ्रान्समध्ये ग्रासजवळचं तूरेत-सूर-लू हे गाव व्हायोलेटसाठीच प्रसिद्ध आहे. तिथली फुलं गुच्छात आणि साखरेत घोळवून मिठाईत जातात, परफ्यूमवाल्यांना मात्र पानं लागतात. पानांचा हा गडद हिरवा अर्क इजिप्तमधूनही येतो. त्याचा मुख्य सूर नोनाडायनल नावाच्या द्रव्याचा, आणि तो ओळखायला परदेशी जायची गरज नाही. कपिलतीर्थ मंडईतून एक काकडी आणा. अख्खी हुंगा, फार काही येणार नाही. आता मधोमध कापा आणि लगेच नाकाशी धरा. कापल्याबरोबर काकडीच्या पेशी फुटतात, आतली स्निग्ध आम्लं मोडतात आणि काही सेकंदांत हेच द्रव्य तयार होतं. कोशिंबिरीचा वास म्हणून आपण ज्याच्याकडे लक्षही देत नाही, तोच व्हायोलेटच्या पानाचा कणा आहे.

ही काकडी डोक्यात ठेवून ‘ग्रे फ्लॅनेल’ लावून बघा. न्यूयॉर्कचे फॅशन डिझायनर जेफ्री बीन यांच्या नावाने ते १९७० च्या दशकाच्या मध्याला आलं. गर्द बाटली, आणि ती ठेवायला करड्या फ्लॅनेलची पिशवी. पहिली दहा मिनिटं कडक जातात, हे आधीच सांगतो. पान आणि गॅल्बनम एकदम अंगावर येतात. गॅल्बनम हा इराणकडच्या एका झाडाचा डिंक, कच्च्या ढोबळी मिरचीसारखा हिरवा आणि कडवट. ते झाड हिंगाच्या झाडाचं सख्खं भावंड, दोघंही फेरुला या एकाच गटातली. त्यामुळे हिंगाची डबी उघडल्यावर जसा पहिला झटका बसतो, तसा इथेही बसतो, आणि हिंग जसा फोडणीत पडल्यावर निवळतो तसं हेही अंगाच्या उबेवर निवळतं. मग हळूहळू फूल येतं, म्हणजे आयोनोनचा तो मऊ, पावडरी गोडवा. पण तोवर खाली ओकमॉस आणि वाळा पसरलेले असतात, त्यामुळे गोडवा पातळ होत नाही.

ओकमॉस हा शब्द परका वाटेल, वास वाटणार नाही. ते शेवाळ नव्हे, झाडाच्या सालीवर वाढणारं दगडफूल आहे. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच कुळातलं. उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीचा मसाला भाजताना दगडफूल तेलात पडतं आणि स्वयंपाकघरात ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा जो वास उठतो, तो मनात धरा. डंकावर चटणी कुटून घेणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ओकमॉस समजावायला वेळ लागत नाही. आता युरोपच्या नियमांमुळे ओकमॉसमधली अॅलर्जी आणणारी काही द्रव्यं काढावी लागतात. म्हणून जुनी बाटली आणि नवी बाटली यांचा तळ, म्हणजे शेवटी उरणारा वास, सारखा लागला नाही तर ते नकली आहे असं लगेच समजू नका.

फूल आणि पान यांची गल्लत का होते हे माझ्या एका मित्रामुळे मला पक्कं कळलं. सकाळी मी ‘ग्रे फ्लॅनेल’ लावून त्याच्या घरी गेलो तर म्हणाला, "हे काय, पाला चोळून आलायस?" संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना तोच म्हणाला, "आता लावलंयस ते छान आहे, कुठलं?" मी मधे काहीही लावलं नव्हतं. सकाळी त्याला पान भेटलं, संध्याकाळी फूल. दुकानात कागदाच्या पट्टीवर अर्धं मिनिट हुंगणाऱ्याला फक्त पान भेटतं, आणि नुसतं वर्णन वाचणाऱ्याला फक्त फूल.

याच पानाने पुरुषांच्या सुगंधात इतरत्रही मोठं काम केलं आहे. १९८५ चं क्रीडचं ‘ग्रीन आयरिश ट्वीड’ पान घेतं, पण त्याला आयरिस आणि चंदनाच्या जोडीने गुळगुळीत करतं. १९८८ चं दिओरचं ‘फॅरनहाइट’ पानातला धातूचा, तेलकट भाग वर काढतं आणि पेट्रोलपंपाची आठवण करून देतं. दोन्ही उत्तम. पण पान आणि फूल एकाच बाटलीत, एकामागून एक, स्वच्छ ओळखू येतील असं शिकायचं असेल तर मी ‘ग्रे फ्लॅनेल’च हातात देईन. ते या तिघांत खूप स्वस्त आहे हेही खरं.

हवेचाही हिशेब आहे. एप्रिलच्या उन्हात पान भराभर उडतं आणि आयोनोन जड होतो, तेव्हा एकच फवारा, तोही शर्टाच्या आत. याची खरी वेळ पावसाळा. गगनबावड्याकडून झड लागते, हवा ओली, अंग गार. तेव्हा पान तासभर टिकतं, फूल सावकाश उमलतं आणि दगडफुलाचा तळ दुसऱ्या दिवशी सकाळीही कॉलरवर सापडतो. अत्तराचा फाया कानात ठेवायची सवय असलेल्यांनी हे मनगटावर चोळू नये. लावावं, वाळू द्यावं आणि वीस मिनिटं नाक जवळ नेऊ नये.