‘स्पिरिटेड अवे’ची जादू आणि ‘पॅप्रिका’चं स्वप्न

माझ्या मावसभावाने ‘स्पिरिटेड अवे’ हा पिक्चर बघितला, प्रचंड आवडला, आणि मला मेसेज केला की ताई असंच अजून काहीतरी सांग. मी ‘पॅप्रिका’ सांगितला. अर्ध्या तासात रिप्लाय, काहीच कळत नाहीये, इथले नियम काय आहेत?

चूक त्याची नव्हती, दोन्ही जपानी ॲनिमेशनपट, दोन्हीत डोळे फाटतील अशी दृश्यं, त्यामुळे आपण सरसकट ‘स्वप्नासारखे पिक्चर’ म्हणून एकाच खणात टाकतो. पण त्याने जो प्रश्न विचारला ना, खरा फरक तिथेच आहे.

‘स्पिरिटेड अवे’ (2001, दिग्दर्शक मियाझाकी) ही जादूच्या जगाची गोष्ट आहे आणि जादूच्या जगाला नियम असतात, कडक नियम. तिथलं खाल्लं नाहीस तर विरून जाशील, काम मागितलं नाहीस तर प्राणी होशील, नाव विसरलीस तर घरी जायचा रस्ता बंद. चिहिरो या छोट्या नायिकेचं नाव काढून घेऊन तिला नुसतं ‘सेन’ करतात आणि पुढचा सगळा पिक्चर त्या एका नियमावर उभा राहतो. आपल्याला हे नवीन नाहीये खरंतर, चांदोबा वाचत मोठं झालेल्या कुणालाही विक्रम-वेताळ आठवेल, राजा बोलला की वेताळ परत झाडावर, का ते कुणी विचारत नाही पण नियम म्हणजे नियम. शिवाय जादूच्या जगाला दार असतं. चिहिरो बोगद्यातून आत जाते, बोगद्यातूनच बाहेर येते.

‘पॅप्रिका’ला (2006, सातोशी कोन) दारच नाहीये. म्हणजे सुरुवातीला आहे, डीसी मिनी नावाचं एक यंत्र असतं, ते लावून डॉक्टर पेशंटच्या स्वप्नात शिरतात, ते चोरीला जातं, इथपर्यंत सरळ थ्रिलर. पण हळूहळू कुठलं स्वप्न आणि कुठलं जागेपण याची शिवणच उसवते आणि रस्त्यावरून मिरवणूक यायला लागते, त्यात फ्रीज, वाद्यं वाजवणारे बेडूक, बाहुल्या, सगळे नाचत. इथे ‘फ्रीज का?’ असं विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते हे, की हे स्वप्न कुणाचं आहे आणि त्याचं नेमकं काय अडकलंय.

पहिल्या पाच मिनिटांतलंच बघा. कोनाकावा नावाचा पोलीस सर्कशीत असतो, अचानक तो पिंजऱ्यात, आणि सगळं पब्लिक त्याच्या अंगावर धावून येतं तर प्रत्येकाला त्याचाच चेहरा! खालची जमीन जाते, तो पडतो, मग जंगल, मग ट्रेन, मग एक कॉरिडॉर जिथे एक माणूस गोळी लागून कोसळतोय आणि कोनाकावा त्याच्याकडे पळतोय पण कॉरिडॉरच लाटेसारखा हलायला लागतो. ‘सर्कस’, ‘जंगल’, ‘ट्रेन’ हे सगळे दुसऱ्या सिनेमांमधले सीन आहेत, आणि हाच माणूस म्हणतो मला सिनेमा आवडत नाही! का आवडत नाही ते पुढे कळतं, तरुणपणी त्याने काहीतरी अर्ध्यावर सोडलेलं असतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात ना, ते इथे शब्दशः आहे.

आणि माझ्या मते मोठ्या माणसांना हे जे खेचतं ते यासाठीच. पंधरा वर्षांच्या मुलाकडे सोडून दिलेलं असं असतं तरी किती? चाळिशीत रोज रात्री काहीतरी परत येतं, परीक्षेचा हॉल सापडत नाही, जुन्या घरात एक खोली जास्तच निघते.

यात ॲनिमेशनच का लागतं, तर खऱ्या नटांच्या सिनेमात माणूस कॅमेऱ्यासमोरचा आणि राक्षस कॉम्प्युटरचा, कुठेतरी जोड दिसतोच. इथे माणूस आणि फ्रीज दोन्ही चित्रच. स्वप्नातही तसंच असतं, तिथे काही उपरं वाटत नाही, जागं झाल्यावर वाटतं.

एकच गोष्ट दोन्ही पद्धतीने सांगता येते याचं उदाहरण म्हणजे ‘ॲलिस इन वंडरलँड’च्या गोष्टीवरचे दोन पिक्चर. डिस्नेचा 1951 चा रंगीत, गाण्यांचा, आणि चेक दिग्दर्शक यान श्वांकमायरचा 1988 चा, ज्यात ससा खरोखरचा भुसा भरलेला आहे, छातीतून भुसा गळतो आणि घड्याळही तो त्या भुशातूनच काढतो. श्वांकमायरचं म्हणणंच होतं की ही परीकथा नाही, स्वप्न आहे, परीकथा बोट उगारून शिकवते, स्वप्न तसं काही शिकवत नाही. (लहान मुलांना हा लावू नका, खरंच सांगते.)

तर मावसभावाला मी लिहिलं, नियम सोड, त्या पोलिसाच्या मागे जा, कॉरिडॉर परत कधी येतो तेवढं बघ. रात्री दीडला त्याचा फोन आला. पिक्चरबद्दल दोन मिनिटं बोलला आणि मग अर्धा तास, बारावीत बंद केलेल्या तबल्याच्या क्लासबद्दल.