मेरेन्स्की आणि यूजी-टू: शेजारी असूनही वेगळे

दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डच्या प्लॅटिनमबद्दल वाचायला घेतलं की दोन नावांची हमखास गल्लत होते: मेरेन्स्की रीफ आणि यूजी-टू (अप्पर ग्रुप टू) रीफ. दोन्ही सुमारे 205 कोटी वर्षांपूर्वीच्या एकाच अग्निजन्य खडकसमूहात आहेत, दोन्हींची जाडी बहुतेक ठिकाणी मीटरभरच, आणि पसारा मात्र शेकडो किलोमीटरचा. यूजी-टू खाली, मेरेन्स्की वर. रीफ हा इथे खाणवाल्यांचा शब्द, म्हणजे मौल्यवान धातू असलेला खडकाचा पातळ थर; प्रवाळाशी त्याचा काही संबंध नाही.

थर म्हटलं की आपल्याला सह्याद्रीच्या पायऱ्या आठवतात. पण त्या जमिनीवर एकामागून एक वाहत आलेल्या लाव्ह्याच्या आहेत. बुशवेल्डचा शिलारस जमिनीखालीच सावकाश निवला आणि निवता निवता त्यातली खनिजं थराथराने वेगळी होत गेली.

मेरेन्स्कीचा तुकडा हातात घेतला तर करडा-तपकिरी, भरड दाण्यांचा पायरॉक्झिनाइट खडक दिसतो आणि त्यात मधूनमधून पितळी चमक. ही चमक सल्फाइडची, म्हणजे गंधक आणि धातूंच्या संयुगांची, आणि सगळी करामत तिचीच. शिलारसात गंधक एका मर्यादेपर्यंतच विरघळतो. ती ओलांडली की लोह, निकेल, तांबं सोबत घेऊन सल्फाइडचे थेंब वेगळे होतात, आमटीवरच्या तेलासारखे. फक्त हे जड असल्याने तळाकडे जातात. प्लॅटिनमला शिलारसापेक्षा हे थेंब हजारो पटींनी जवळचे. थेंब जितक्या जास्त शिलारसाच्या संपर्कात येईल, तितका तो श्रीमंत. म्हणून टनामागे काही मिलिग्रॅम असलेलं प्लॅटिनम रीफमध्ये ग्रॅमच्या हिशेबात सापडतं.

यूजी-टूचा तुकडा काळाकुट्ट आणि वजनाला भारी: जवळपास सगळा क्रोमाइट, म्हणजे क्रोम आणि लोहाचं खनिज. नवा शिलारस जुन्यात मिसळल्यावर काही काळ एकटं क्रोमाइटच स्फटिकरूप झालं, असं बरेच भूवैज्ञानिक मानतात. सल्फाइड शोधावं लागतं, तरी प्लॅटिनम भरपूर, आणि ऱ्होडियम हा प्लॅटिनमच्याच कुळातला धातू मेरेन्स्कीपेक्षा जास्त. मग सल्फाइड गेलं कुठे? मला पटणारा खुलासा असा: थर निवताना क्रोमाइटने सल्फाइडमधलं लोह ओढून घेतलं, गंधक निसटला आणि मौल्यवान धातू मागे राहिले. म्हणजे गोळा करणारा हात दोन्हीकडे तोच, इथे फक्त खुणा पुसल्या गेल्या.

खाणवाल्यांना मात्र हा फरक महागात पडला. मेरेन्स्की 1924 मध्ये सापडला आणि लगेच खोदायला घेतला गेला. यूजी-टूला अर्धशतक थांबावं लागलं, कारण क्रोम सहजी वितळत नाही, भट्टीच्या तळाशी साचत जातं.

आणि हो, ड्वार्स नदीकाठचा पांढऱ्या खडकातल्या काळ्या पट्ट्यांचा तो देखणा फोटो प्लॅटिनम रीफ म्हणून फिरताना दिसला तर फसू नका. तो यूजी-टूच्या खालचा यूजी-वन हा थर आहे; प्लॅटिनमसाठी त्याला कोणी विचारत नाही.