इस्तंबूल : साम्राज्यांच्या राजधानीची भेट

इस्तंबूल हे तुर्कस्तानातील सर्वांत मोठे शहर. बॉस्फरस सामुद्रधुनीमुळे त्याचा एक भाग युरोपात, तर दुसरा आशियात येतो. ग्रीकांची बायझँटियम ही वसाहत, सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३३० मध्ये वसवलेली रोमन राजधानी आणि १४५३ नंतरची उस्मानी राजधानी एकाच ठिकाणी उभ्या राहिल्या. १९२३ मध्ये राजधानीचा मान अंकाराकडे गेला.

हे शहर कालक्रमाने पाहायचे ठरवले तर निराशा होते, कारण प्रत्येक राजवटीने आधीच्यांचे दगड आणि जागा आपल्या कामी आणल्या. आया सोफिया हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. रोमन सम्राट जस्टिनियनने ५३२–५३७ या अवघ्या पाच वर्षांत हे चर्च बांधून घेतले. सुमारे ३१ मी. व्यासाचा त्याचा घुमट ५५८ मध्ये अंशतः कोसळला, तेव्हा तो अधिक उंच करून पुन्हा उभारला गेला. सुलतान दुसरा मेहमेद याने चर्चची मशीद केली. पण मक्केची दिशा चर्चच्या अक्षाशी जुळेना, म्हणून मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा) मधोमध न येता किंचित उजवीकडे बसला. वरच्या सज्जाच्या संगमरवरी कठड्यावर हाफदान या नॉर्स (उत्तर युरोपीय) माणसाने रून या तिकडच्या प्राचीन लिपीत कोरलेले आपले नाव आहे. घाईत पुढे गेलेल्या पाहुण्याच्या नजरेतून ते हमखास सुटते. १९३५ पासून संग्रहालय असलेली ही वास्तू २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली. नमाजाच्या वेळा टाळून जावे. शुक्रवारची दुपार तर टाळावीच.

जवळच्या सुलतानअहमत चौकात रोमन काळी रथांच्या शर्यती होत. तेथील इजिप्शियन ओबेलिस्क (उंच, निमुळता दगडी स्तंभ) फेरो तिसरा थुतमोस याचा, तर चौथऱ्यावरील कोरीवकाम सम्राट थिओडोसियसच्या काळचे आहे. त्यात तो विजेत्यासाठी हार हातात धरून उभा दिसतो. येरेबातान या भूमिगत जलाशयात ३३६ खांब असून त्यांपैकी दोन मेदुसा या ग्रीक पुराणातल्या सर्पकेशी राक्षसीच्या दगडी शिरांवर टेकले आहेत. एक शिर आडवे, दुसरे उलटे.

शहराची खरी वाताहत १४५३ मध्ये झाली, असा समज आहे. तो अपुरा आहे. १२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडच्या (धर्मयुद्धाच्या) ख्रिस्ती सैन्यानेच येथे भीषण लूट केली. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमधले कांस्य घोडे त्या लुटीतलेच. ही हकीकत ठाऊक असली, तर १२६१ मध्ये बायझंटाइनांनी (पूर्व रोमनांनी) शहर परत मिळवल्यानंतरच्या त्यांच्या वास्तू आकाराने लहान का, हे चटकन उमगते. कोरा चर्चमधील चौदाव्या शतकातली मोझेक चित्रे मात्र आकाराची उणीव पुरेपूर भरून काढतात.