आगबोट, स्टीमर आणि पॅडलचा घोळ

बडोद्यात 'पॅडल बोट' म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती तलावातली, पाय मारत चालवायची होडी. सायकलचं पेडल आणि पाणी मागे लोटणारं पॅडल आपण एकाच उच्चारात बुडवलं, त्याचा हा परिणाम. इथे विषय दुसऱ्या पॅडलचा आहे: वाफेवर फिरणारं, कडेला फळ्या बसवलेलं मोठं चाक.

कलकत्ता ते अलाहाबाद अशी चाकाच्या बोटीची सरकारी फेरी 1834 मध्ये सुरू झाली. चाकच का, तर पाण्याखालच्या पंख्याला बुडायला खोली लागते. चाकाचं दोन-तीन फुटांतही भागतं. तरी उन्हाळ्यात भागीरथी आटली की सुंदरबनातून लांबचा वळसा पडे. इंजिन आणि कोळसाच बोटीतली जागा खात, म्हणून उतारू मागे ओढलेल्या 'फ्लॅट'वर, म्हणजे बिनइंजिनाच्या बोटीवर बसत.

आपल्या नर्मदेवर वाहतूक खालच्या टप्प्यापुरतीच राहिली. भडोच बंदरात 70 टनांच्या आसपासची गलबतं येत, तीही भरतीच्या भरवशावर. चांदोदच्या यात्रेकरूंची सोय शेवटी रुळांनी केली, 1879 मध्ये.

त्या रुळांमुळेच नावाचा खरा गुंता समोर येतो. आगगाडी, आगबोट, आगपेटी: नव्या वस्तूत आग दिसली की मराठीत नाव तयार. पण त्याच रेल्वेच्या डभोई-मियागाम मार्गावर 1862 पासून डबे बैल ओढत होते, कारण हलक्या रुळांना इंजिनाचं वजन पेलेना. इंजिन पेलतील असे जड रूळ टाकले ते 1873 मध्ये. म्हणजे तोवर ती रेल्वे होती, आगगाडी नव्हती!

बोटींचं नेमकं उलटं झालं. 1928 आणि 1929 मध्ये कलकत्त्याला बांधलेल्या 'महसूद' आणि 'ऑस्ट्रिच' या चाकाच्या बोटी पुढे ढाका-खुलना मार्गावर चालल्या. कालांतराने त्यांचे बॉयलर काढून डिझेल इंजिनं बसवली. वाफेचे अभिमानी म्हणतात, तेव्हाच त्या संपल्या. मला हे पटत नाही. चाकं तीच, उथळ तळ तोच, कामही तेच. खोटं पडलं ते 'स्टीमर' हे नाव. 'आगबोट' मात्र अजून चालतं. डिझेलही जळतंच की.

2022 मध्ये बांगलादेशातल्या पद्मा नदीवर पूल झाला आणि त्याच वर्षी या बोटींची नेहमीची फेरी थांबली.