पिशवी काढणे

गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकण्याला बोलीभाषेत ‘पिशवी काढणे’ म्हणतात. वैद्यकीय मराठीत गर्भाशय-उच्छेदन, दवाखान्यात हिस्टरेक्टमी. अंगावरून अतिरक्तस्राव होणे, गर्भाशयातील गाठी, अंग बाहेर येणे आणि कर्करोग ही तिची प्रमुख कारणे. ‘पिशवी’ हा शब्द सोयीचा आहे खरा, पण त्याखाली एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात आणि ती ठेवली की काढली, यावर बाईचे पुढचे आरोग्य पुष्कळसे अवलंबून असते.

गर्भाशय गेले की पाळी थांबते आणि गर्भ राहत नाही. अंडाशयांचे काम मात्र पाळीपुरते नसते. त्यांच्यातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) रक्तावाटे सगळीकडे पोहोचते. हाड सतत थोडे झिजते आणि थोडे भरून निघते. झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालते. बॉस्टनमधील डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी 1940च्या सुमारास पाळी गेलेल्या स्त्रियांच्या ठिसूळ मणक्यांचा संबंध या संप्रेरकाशी जोडला. रक्तवाहिन्या, कोलेस्टेरॉल, झोप, लघवीचा मार्ग यांवरही त्याचा अंमल चालतो.

नैसर्गिकरीत्या पाळी जाताना हे संप्रेरक काही वर्षांत हळूहळू ओसरते. दोन्ही अंडाशये काढल्यावर ते काही दिवसांतच कोसळते. अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, घाम फुटतो, झोप मोडते. हाडांची झीज मात्र आतल्या आत, न दुखता सुरू राहते. पंचेचाळिशीच्या आत असे झाले आणि संप्रेरके बाहेरून दिली नाहीत, तर हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अंडाशये ठेवली तरी ती नेहमीपेक्षा लवकर थकू शकतात, कारण त्यांच्या रक्तपुरवठ्याचा काही भाग गर्भाशयाच्या धमनीकडून येतो.

संप्रेरकांच्या गोळ्यांची भीती 2002मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीनंतर पसरली. त्या चाचणीतल्या स्त्रिया 50 ते 79 वर्षांच्या होत्या. पस्तिशीत अंडाशये गमावलेल्या बाईला त्या चाचणीचे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे चूक आहे. स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसेल, तर पाळी जाण्याच्या सर्वसाधारण वयापर्यंत तिला संप्रेरके देण्याचा सल्ला दिला जातो.

महाराष्ट्रात हा विषय बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमुळे ऐरणीवर आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या 2019च्या अहवालानुसार, पाहणी केलेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. नवरा-बायकोची जोडी म्हणजे कामाचा एक ‘कोयता’, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची, खाडा पडला की दंड, फडात ना आडोसा ना पाणी. अशा वेळी पांढरे जाण्याच्या तक्रारीवरही, जी बहुतेकदा औषधांनी बरी होते, कर्करोगाची भीती घालून ऑपरेशन झाल्याचे अनेकींनी सांगितले. ऐन तिशीत हाडांचा आधार काढून घ्यायचा आणि त्याच बाईच्या डोक्यावर उसाची मोळी द्यायची, हा अन्याय आहे.

पुढे कंबर धरली, मनगट मोडले, की बाई डॉक्टरांना “पिशवी काढलीय” एवढेच सांगते. डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘टीएएच’ असेल तर पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढलेले असते; शेजारी ‘बीएसओ’ ही तीन अक्षरे असतील, तर दोन्ही अंडाशये व बीजवाहिन्याही गेलेल्या असतात. ते कार्ड जपून ठेवावे आणि हरवले असल्यास सोनोग्राफीत अंडाशये दिसतात का, ते विचारून घ्यावे.