तळघरात रूळ टाकण्याआधी

एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या 1:87 आकाराच्या हौशी छोट्या रेल्वेत दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर असतं. जोडावर अर्धा मिलिमीटर सरकलं तरी डबा घसरू लागतो. हा अर्धा मिलिमीटर पुष्कळदा खोलीच्या ओलाव्यातून येतो. म्हणून मराठवाड्यात तळघरात लेआउट, म्हणजे टेबलावर या रेल्वेचा मार्ग, मांडायचा असेल, तर पहिला एक पावसाळा फक्त खोलीला द्यावा.

सुरुवात बाहेरून. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज थराथरांत पाणी धरून फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळतं. भिंतीला लागून काळी भरलेली असली की पावसाळ्यात ती भिंत रेटते, आणि पहिल्या पावसाचं पाणी उन्हाळी भेगांतून थेट पायाशी उतरतं. भिंतीलगतची निदान दोन फूट काळी काढून तिथे मुरूम ठोकून भरावा. पण नुसता मुरूम भरून भागत नाही. भोवती काळी तशीच असल्यामुळे तो चर हौदासारखा भरतो. तळाशी भोकांची नळी टाकून पाणी दूर सोडायलाच हवं. वरून मीटरभर रुंद कोबा, मीटरला 3 सेंटिमीटर उतार बाहेरच्या बाजूला. गच्चीचे पन्हाळी पाइप या कोब्याच्या पलीकडे न्यावेत. खोदकाम तुकड्यातुकड्यानं आणि इंजिनिअरला दाखवूनच करावं. सबंध भिंत एकदम उघडी पाडणं धोक्याचं.

मग ओल कुठून येते ते ओळखायचं. दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा फरशीवर चारी कडांनी चिकटपट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवा, तसाच एक भिंतीवर. खालची बाजू ओली झाली तर पाणी जमिनीतून येतंय. वरची झाली तर ते हवेतलं. ही चाचणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावी. विहिरी भरलेल्या असतात आणि झिरपा तेव्हाच खरा दिसतो.

हवेतल्या ओलाव्याचं गणित बहुतेकांना उलटं वाटतं. जुलैत बाहेर 30 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा 26 अंशांच्या तळघरात उतरल्यावर तिची आर्द्रता 95 टक्क्यांच्या आसपास जाते. फरशी 25 अंशांवर असेल तर पाणी धरतं. म्हणजे कुबट वास घालवायला पावसाळ्यात खिडकी उघडणं किंवा एक्झॉस्ट फॅन लावणं, यानं ओल वाढतेच. मे महिन्यात याच्या उलट: 40 अंशांची, 15 टक्के आर्द्रतेची हवा 30 अंशांवर आली तरी जेमतेम 26 टक्के. एकाच खोलीत 26 ते 95! हे अंतर 45 ते 60 च्या पट्ट्यात आणायचं. पावसाळ्यात दारं बंद ठेवून डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र), त्याची नळी थेट मोरीत. उन्हाळ्यात कूलर तळघरात नकोच. ओल्या वाळ्यातून आलेली दमट हवा प्लायमध्ये ओल भरते.

आर्द्रतामापक स्वस्तातला चालेल, पण तो तपासून घ्यावा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्यानं ओलसर चिखल करा आणि मापकासकट हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. आकडा 75 यायला हवा. जितका फरक, तितका पुढे मिळवायचा किंवा वजा करायचा.

भिंतीला लोणा लागला असेल तर तो पाण्यानं धुऊ नये. क्षार विरघळून परत आत शिरतात. कोरड्या ब्रशनं झाडून, सुटलेलं प्लास्टर खरवडून, मग सिमेंटयुक्त जलरोधक लेप. त्याआधी ऑइलपेंट मारलात तर मागचे क्षार स्फटिक होऊन रंगाचे पापुद्रे सोडवतात. फरशीला इपॉक्सी लावावं, नाहीतर सिमेंटची भुकटी इंजिनाच्या दातेचाकांत जाते.

टेबलाचे पाय 25 मिलिमीटर चौकोनी लोखंडी पाइपाचे, खाली उंची कमी-जास्त करण्याचे बोल्ट. वाळवीला वाट नको आणि ओल वर चढायला नको. भिंतीपासून 10 सेंटिमीटर अंतर ठेवा. वर आयएस 710 या मानकाचा, पाणी सोसणारा मरीन प्लाय, कडांसकट दोन्ही बाजूंनी वॉर्निश केलेला. एकच बाजू झाकली तर फळी वाकते.

आता रूळ. पाच मीटर निकेल सिल्व्हरचा (तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचा) रूळ 15 अंशांनी तापला की साधारण सव्वा मिलिमीटर लांबतो. त्याच उन्हाळ्यात खालचं लाकूड सुकून आखडतं. दोन्ही एकाच वेळी उलट दिशांना गेल्यानं रूळ मध्येच कमान काढतो. म्हणून जानेवारीत टाकलेल्या रुळात दर मीटरला जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठेवावी, मे महिन्यात टाकताना जवळजवळ भिडवावेत. सगळेच जोड डागून टाकू नयेत, आणि सुट्या जोडांच्या दोन्ही बाजूंना वीज वेगळ्या तारांनी द्यावी.

जागा कमी असेल तर आपल्याच भागातल्या जुन्या वाटेचा विचार करा. लातूरला येणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर होतं; 1:87 मापात ते 8.8 मिलिमीटर होतं, म्हणजे बाजारात मिळणारा, एन या आणखी लहान मापाचा 9 मिलिमीटरचा रूळ तिला चालतो आणि वळणंही आवळता येतात. एचओच्या मोठ्या डब्यांना मात्र 60 सेंटिमीटर त्रिज्या लागते. असं पूर्ण वळण 1.4 मीटर जागा खातं, आणि हात 75 सेंटिमीटरपुढे नीट पोचत नाही. कोपऱ्यात मांडणार असाल तर मध्ये आत शिरायला झडप सोडा.

टेबल 1.8 मीटरपेक्षा लांब तुकड्यांत बनवू नका, आणि लाकूड कापायच्या आधी जिन्याचं वळण मोजा.